पास करतो, दाखला न्या

आमच्या शाळेचा पुढच्या वर्षीचा निकाल कसा लागणार, हे मला दर जूनमध्ये एसटीतच कळायचं. भिवंडीहून पडघ्याकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीत आम्ही काही शिक्षक ठरलेल्या जागांवर बसलेलो असायचो. शाळा सुरू झाल्यावर आठवड्याभरात त्या गाडीत नवे चेहरे दिसू लागायचे. गणवेश नवाकोरा, दप्तर मात्र जुनं, आणि नजर सतत खिडकीबाहेर. भिवंडीत एवढ्या शाळा असताना ही मुलं पडघ्याच्याही पलीकडच्या खेड्यात शिकायला का निघाली, हे आमच्या कंडक्टरलासुद्धा ठाऊक होतं. ‘बाई, तुमची गिऱ्हाईकं आली,’ असं तो म्हणायचा. मला राग यायचा, पण सकाळी सकाळी भांडायचं त्राण नसायचं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी तिथे गणित शिकवायला लागले. गावातल्या लोकांनीच संस्था काढून चालवलेली, सरकारी अनुदानावरची ती मराठी शाळा. कौलारू इमारत, पुढे मैदान, मैदानाला कुंपण नाही, त्यामुळे प्रार्थनेला म्हशी हजर. दहावीचा निकाल निम्म्याच्या आसपास रेंगाळायचा आणि बरेचदा निम्म्याच्याही खाली जायचा. त्याच तालुक्यात, त्याच बोर्डाच्या, त्याच पुस्तकांवर भिवंडीतल्या नावाजलेल्या शाळांचा निकाल शंभराला टेकलेला असायचा. लोक म्हणायचे, तिकडचे शिक्षक भारी. मी त्या शिक्षकांना ओळखत होते. त्यातले दोघे तर बी.एड.ला माझ्याच वर्गात होते आणि माझ्याच वहीतून पाठ टाचणं उतरवून घ्यायचे.

खरी गोष्ट अशी होती, की भिवंडीतल्या शाळांची एक रीत होती. नववीच्या वार्षिक परीक्षेनंतर काही पालकांना बोलावणं जायचं. मुख्याध्यापक अगदी गोड बोलायचे, चहासुद्धा मागवायचे. तुमचा मुलगा तसा नापास आहे, पण त्याचं एक वर्ष फुकट कशाला घालवायचं? आम्ही पास करतो, तुम्ही दाखला न्या. म्हणजे नववी पास असा शिक्का मिळणार, पण दहावीला शाळा दुसरी शोधायची. पालक हात जोडून आभार मानत बाहेर पडायचे. आपल्या पोराला शाळेतून काढलंय, हे कित्येकांना घरी पोचल्यावर उमगायचं. मग दहावीच्या वर्गात गाळून घेतलेली मुलं तेवढी उरायची आणि त्यांचा निकाल लागायचा तसा लागायचा. उरलेला गाळ आमच्याकडे, असं आमच्याच शिक्षकखोलीत सर्रास बोललं जायचं. तो शब्द ऐकला की माझं डोकं फिरायचं. मी वर्षानुवर्षं चिडत राहिले आणि तो शब्द वर्षानुवर्षं वापरला जात राहिला.

माझी स्वतःची दोन्ही मुलं भिवंडीतल्या अशाच एका शाळेत होती. कोणी टोमणा मारला तर मी सरळ सांगायचे, होय, आहेत. आमच्या वस्तीत माझ्या वडिलांच्या आधी मॅट्रिक झालेला माणूस नव्हता. ज्या घराला शिक्षण इतक्या उशिरा मिळालं, त्या घराने पोरांच्या बाबतीत उदारपणाचे प्रयोग करायचे नसतात. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

गावच्या मुलांचं दुखणं निराळं होतं. दिवाळीनंतर वीटभट्ट्या लागायच्या आणि मागचे बाक रिकामे व्हायचे. आईबाप भट्टीवर, लहान भावंडं सांभाळायला मोठी बहीण भट्टीवर. कोणी हायवेवरच्या ढाब्यावर, कोणी गवताच्या गाड्या भरायला. ही मुलं परीक्षेच्या तोंडावर परत यायची तेव्हा आम्ही भूमितीचं पुस्तक संपवलेलं असायचं. त्यांना पुन्हा पहिल्या प्रमेयापासून शिकवायचं आणि त्याच वेळी बाकीच्यांची उजळणी घ्यायची. घरी परतताना माझा आवाज बसलेला असायचा. नवरा विचारायचा, आज काय झालं? मी म्हणायचे, काही नाही, शाळा झाली.

आमचे मुख्याध्यापक जवळच्याच गावचे, शेतकऱ्याच्या घरातले. वर्गात पुस्तकी बोलायचे, पण चिडले किंवा मनातलं बोलायला लागले की गावची भाषा बाहेर यायची. दाखला घेऊन दारात आलेल्या एकाही मुलाला त्यांनी परत पाठवलं नव्हतं. गुणपत्रिका बघायचेसुद्धा नाहीत. ‘सर, निदान गणितातले गुण तरी बघा,’ असं मी एकदा म्हटलं, तेव्हा म्हणाले, ‘बघून काय करू बाई? दारात आलेला पोर परत कसा धाडू? ही शाला हाय का ब्यांक हाय?’

त्याची किंमत त्यांना दर पावसाळ्यात मोजावी लागायची. निकालानंतर पंचायत समितीच्या सभागृहात तालुक्यातल्या मुख्याध्यापकांची सभा भरायची. शाळांची नावं निकालाच्या क्रमाने, वरून खाली वाचायची, अशी तिथली पद्धत. आमचं नाव येईपर्यंत चहाचे कप गोळा झालेले असायचे. एका वर्षी सरांना बरं नव्हतं म्हणून सोबतीला मी गेले. आमचं नाव वाचून झाल्यावर शिक्षण खात्याच्या साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, ‘तुमच्याकडे शिकवतात तरी का?’ सर उभे राहिले, वीटभट्टी असं काहीतरी पुटपुटले आणि खाली बसले. शेजारच्या खुर्चीत भिवंडीच्या एका मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक होते. भला माणूस. ते समजुतीने म्हणाले, ‘तुमच्याकडे मुलंच जरा कमकुवत येतात हो.’ मी म्हटलं, ‘येतात कुठून, ते तुम्हीच सांगा.’ त्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. परतीच्या गाडीत सरांनी आधी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, ‘बाई, तुम्ही खरा बोललात. पन खरा बोलून निकाल वर जात न्हाय.’

नव्वदचं दशक निम्मं सरलं असेल. एका जूनमध्ये त्या गाडीत भिवंडीच्या कामतघर भागातली एक मुलगी दिसू लागली. वडील यंत्रमागांच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग नीट करून लावून देणारे. लहानपणीच आंध्रातून आलेले, घरी तेलुगू, कारखान्यात हिंदी, आमच्याशी मोडकंतोडकं मराठी. दाखला घेऊन आले तेव्हा सर वर्गावर होते, म्हणून माझ्याशीच बोलले. ‘मॅडम, मोठीवाली नववीत फेल झाली. मग घरी कांडी भरत बसली. मग लगीन लावून दिला. हिचा तसा नको.’ कांडी म्हणजे मागात आडवं सूत पुरवणारी नळी. त्या नळ्यांवर यंत्राने सूत गुंडाळायचं काम कामतघरच्या घराघरातून बायका आणि मुली करायच्या. ही मुलगीही करायचीच, शाळेला निघण्याआधी. आजीने गावाकडे तिच्यासाठी एक स्थळ बघून ठेवलं होतं. आजीचं पत्र आलं की बाप एकच उत्तर धाडायचा, की मुलगी शाळेत जाते. त्याच्याकडे दुसरं उत्तर नव्हतं, आणि शाळा सुटली की हेही राहणार नव्हतं.

मुलगी गाडीत बसल्या बसल्या झोपायची. पडघा गेलं की मी तिला हलवून उठवायचे. वर्गात मात्र जागी असायची आणि उत्तर द्यायची ते ओरडून, कारण मागांच्या खडखडाटात वाढलेल्या पोरांना हळू बोलणं म्हणजे काय तेच माहीत नसतं. ‘अगं, मी इथेच उभी आहे, पडघ्याला नाही,’ असं म्हटलं की वर्ग हसायचा आणि तीही हसायची. भूमिती तिला चांगली यायची. बीजगणितात उणे-अधिकच्या चिन्हांशी मात्र तिचं जन्माचं वैर. पाच पायऱ्या बरोबर आणि सहाव्या पायरीत चिन्ह हरवलं, असं दर गणितात. ही मुलगी पास होईल असं मला वाटत होतं. वर्षभर माझ्या हाताखाली राहिली तर नक्की होईल, असं मी तिच्या वडिलांना सांगितलंही होतं.

त्याच सुमारास संस्थेला नवे अध्यक्ष मिळाले. हायवेलगतची जमीन गोदामांना देऊन नुकतेच शेठ झालेले. माणूस वाईट नव्हता. शाळेला नवे पत्रे घालून दिले, मुलींसाठी संडास बांधला. पण निकालाचं त्यांना फार लागायचं. ‘गावात शाला आसून माजा नातू भिवंडीला जातो रिक्षानं,’ ते म्हणाले. ‘लोक इचारतात, तुमचे शालेत तुमचाच पोर का न्हाय? काय सांगू मी?’ त्यात शिक्षण खात्याचं पत्र आलं, की निकाल असाच राहिला तर अनुदानाचा फेरविचार करावा लागेल. अनुदान म्हणजे आमचे पगार. ते पत्र शिक्षकखोलीत वाचून दाखवलं गेलं.

ऑगस्टमध्ये घटक चाचणी झाली आणि चिन्हं हरवून हरवून कामतघरची मुलगी गणितात नापास झाली. अध्यक्षांनी सरांना आणि आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं, की गणित-इंग्रजीत नापास आहेत त्यांनी दाखला घेऊन सतरा नंबरचा फॉर्म भरावा. सतरा नंबर म्हणजे बाहेरून परीक्षा. मुलगा बोर्डाच्या परीक्षेला बसतो, पण कुठल्याच शाळेचा म्हणून नाही. पास झाला काय, नापास झाला काय, शाळेच्या निकालाला धक्का नाही. भिवंडीच्या शाळा नववीत जे करत होत्या तेच आम्ही दहावीत करायचं, एवढाच फरक.

‘ही मुलं आधीच कोणीतरी काढलेली आहेत,’ मी म्हटलं. ‘आपण काढली तर पुढे शाळा नाही, सरळ माहुलीचा डोंगर आहे.’

इतिहासाचे शिक्षक म्हणाले, ‘बाई, पगार बंद झाला तर तुम्ही देणार आहात का?’ ते कुचकेपणाने बोलले नव्हते. त्यांच्या घरी खाणारी तोंडं खूप होती आणि नोकरी एकट्याची.

मी सरांकडे पाहिलं. ते नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळत बसले. मग म्हणाले, ‘इतकी वर्सा मी खाली मान घालून आयकला. आता न्हाय आयकवत, बाई.’ मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मला फक्त खूप थकल्यासारखं झालं, आणि तो थकवा त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत पुरता गेला नाही.

वर्गशिक्षिका मीच, त्यामुळे पालकांना सांगायचं कामही माझ्याकडे आलं. गावच्या पालकांनी फार वाद घातला नाही. बरं झालं, भट्टीवर लवकर जाता येईल, असा त्यांचा चेहरा होता. कामतघरचे वडील मात्र रात्रपाळी करून तसेच आले होते. कपड्यांवर कापसाचे तंतू, डोळे लाल. मी काय सांगते ते त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

‘मॅडम, तिथून काढली, इथून पण काढता? मग तिसरी शाळा कुठे हाय ते सांगा. तिथे नेतो.’

मी म्हटलं, ‘ती परीक्षेला बसेल. फक्त बाहेरून.’

‘बाहेरून म्हणजे घरी बसणार ना? घरी बसली की कांडी. आणि मग मेरी माँ को क्या बोलूं?’

सर दाराशी उभे राहून ऐकत होते. ते आत आले, खुर्चीत बसले, आणि भिंतीवरच्या नकाशाकडे बघत म्हणाले, ‘गणवेश घालून ती रोज शालेत आली, मागं बसली, तर मना काय म्हायती? मना लांबचा दिसत न्हाय.’ वडिलांना पुरतं कळलं नाही. मी हिंदीत समजावून सांगितलं, की दाखला निघेल, फॉर्म बाहेरून भरला जाईल, पण मुलगी रोज याच गाडीने शाळेत येईल. ते उठले आणि सरांच्या पाया पडायला वाकले. सर इतके दचकून मागे सरले, की खुर्ची भिंतीवर आपटली.

ती वर्षभर आली. सगळ्यांत मागच्या बाकावर बसायची. मी हजेरी घ्यायचे तेव्हा तिचं नाव यायचं नाही. पहिल्या दिवशी तिच्या आधीच्या मुलीचं नाव झाल्यावर सवयीने ती अर्धवट उठली आणि पुन्हा बसली. पुढे पुढे हजेरी चालू असताना ती पुस्तकात डोकं घालायला लागली. गणितं सोडवून दाखवायला फळ्यापाशी तिला मी मुद्दाम बोलवायचे, इतरांपेक्षा जास्तच. चिन्ह हरवलं की खडू टाकून स्वतःच कपाळावर हात मारून घ्यायची. तपासणीला साहेब आले त्या दिवशी तिला शाळेत ठेवणं शक्य नव्हतं. ती आणि तिचा डबा दिवसभर रस्त्यापलीकडच्या देवळाच्या पायरीवर बसून होते. मधल्या सुट्टीत मी जाऊन आले तर पायरीवर वही ठेवून समीकरणं सोडवत होती. ‘बाई, साहेब गेले?’ तिने विचारलं, आणि तेही नेहमीसारखं एवढ्या मोठ्याने, की मला इकडे-तिकडे बघावं लागलं.

दाखला देऊन बाहेर काढलेल्यांपैकी परीक्षेला फार थोडी बसली. एक मुलगा ट्रकवर क्लीनर म्हणून लागला. माझ्या एसटीला ओव्हरटेक करताना हात करायचा. दोघी भट्टीवरून आल्याच नाहीत. त्यांच्याबद्दल कोणी विचारलं नाही, कारण आता ती कोणाचीच मुलं नव्हती.

निकाल लागला आणि आमची शाळा एका उडीत वर गेली. पंचायत समितीच्या सभेत आमचं नाव चहा यायच्या आधी वाचलं गेलं. साहेबांनी सरांना शाल आणि नारळ दिला आणि म्हणाले, तुम्ही काय केलंत ते जरा इतरांना सांगा. सर म्हणाले, ‘नियमित सराव.’ टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी गावात फटाके लावले आणि नातवाचं नाव भिवंडीच्या शाळेतून काढून आमच्याकडे घातलं. शाळेच्या दर्शनी भिंतीवरच्या फळ्यावर उत्तीर्ण मुलांची नावं रंगीत खडूंनी लिहिली गेली.

दोन दिवसांनी कामतघरचे वडील पेढ्यांचा पुडा घेऊन आले. मुलगी पास झाली होती. भूमितीने हात दिला होता, बीजगणितात काठावर. फळ्यासमोर उभे राहून वडील वरून खाली बोट फिरवत नाव शोधू लागले. मुलीने त्यांचा हात धरून खाली घेतला. ‘नाना, माझं नाव इथे नसतंय. मी बाहेरची.’ हे मात्र ती हळू बोलली. वर्षभरात मी तिचा एवढा हळू आवाज ऐकला नव्हता. मला तिथे उभं राहवेना. माझ्या हातून शिकलेली, रोज माझ्यासोबत आलेली मुलगी पास झाली होती, आणि तालुक्यातल्या कुठल्याही शाळेच्या निकालात ती धरलेली नव्हती. काढणाऱ्या शाळेच्याही नाही, शिकवणाऱ्या शाळेच्याही नाही. मला आनंद झाला होता आणि तो कोणाला दाखवावा ते कळत नव्हतं.

वडिलांनी पहिला पेढा सरांच्या हातावर ठेवला, दुसरा माझ्या. आजीचं पत्र आलं का, मी विचारलं. ते हसले. ‘आता अकरावी बोलली ती. कॉलेज. माँ को बोल दिया.’ मग त्यांनी मागे वळून कोणाला तरी हाक मारली. दाराबाहेर चपला काढून एक मुलगी आत आली. धाकटी. तीच वेणी, तसंच जुनं दप्तर, हातात घडी घातलेला दाखला. भिवंडीच्या शाळेने तिलाही पास केलं होतं.

‘सर, हिला पण तुमच्या शाळेत घ्या,’ वडील म्हणाले. ‘तुमच्यासारखी शाळा नाही.’

सरांच्या तोंडात पेढा होता. तो त्यांनी सावकाश गिळला. मग त्यांनी रुमालाने हात पुसले आणि त्या मुलीकडे न बघता विचारलं, ‘हिला गणितात किती?’